१४. गंगावन

वेणी लांब आणि भरदार दिसावी म्हणून स्वतःच्या केसांत गुंफायचा जादा केसांचा झुपका. पूर्वी त्यासाठी याकच्या, म्हणजे वनगाईच्या, शेपटीचे केस वापरत. आता बाजारात बहुतेक नायलॉनचेच मिळते. वाड्यातली एक आजी मंगळागौरीला हेच लावून अंबाडा घालते.

लावण्याची रीत सोपी, पण हात बसावा लागतो. आधी आपल्याच केसांचे दोन-तीन वेढे घालायचे, मग गंगावनाचे दोऱ्याने बांधलेले टोक मानेजवळ आत दडवायचे आणि त्याचा एकेक पेड आपल्या एकेका पेडात मिसळत खाली जायचे. सांधा दिसला, तर वेणी चांगली जमली नाही असे समजावे.

नातीच्या डोक्यावरच्या क्रोशे वेण्या पाहून आजी ‘हे गंगावनच की!’ म्हणते, ते अर्धेच खरे आहे. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये रूढ असलेल्या या पद्धतीत आधी स्वतःच्या केसांच्या बारीक वेण्या टाळूला चिकटून घालतात. मग आकड्याची सुई वेणीखालून घालून कृत्रिम केसांची दुमडलेली बट ओढून घेतात आणि तिची टोके फासातून काढून गाठ आवळतात. मूळ केस आत झाकलेले राहतात, रोजच्या विंचरण्यातून काही आठवडे सुटतात.

गंगावन मात्र त्याच दिवशी उतरते. दोन्हींत ओढ जास्त बसली, तर कपाळाकडचे केस विरळ होतात.