लोहाराचा भाता आणि घरचा एअर कॉम्प्रेसर

१/५ यवतमाळमधील एखाद्या अंगणात दुचाकीच्या चाकात हवा भरणारा छोटा एअर कॉम्प्रेसर घुमू लागतो, तेव्हा विदर्भातील एका प्राचीन विद्येचाच वारसा पुढे चालत असतो.

२/५ नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे १९७८-८० च्या उत्खननात लोखंड गाळण्याची महापाषाणकालीन भट्टी सापडली. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या या भट्टीसोबत हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्याही होत्या.

३/५ चामडे मातीत कुजते, भाजलेली नळी टिकते. लोहाराच्या भात्याची झडप हवा आत घेते, परत सोडत नाही. कॉम्प्रेसरच्या दट्ट्यालाही अशाच झडपा असतात.

४/५ फरक दाबाचा. भाता वारा वाहता ठेवतो, कॉम्प्रेसर तो कोंडतो. बॉइलने १६६२ मध्ये सांगितले : तापमान स्थिर असता आकारमान निम्मे झाले की दाब दुप्पट होतो. टॉमसनने १८४५ मध्ये व डनलॉपने १८८८ मध्ये हवाभरल्या चाकाचे पेटंट घेतले. पुढे पंप घरोघरी आला.

५/५ नैकुंडच्या लोहारांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. उरल्या त्या नळ्या. आपल्या गावात भाता अजून चालत असेल, तर त्याची घडण चालवणाऱ्याकडून समजून घ्या आणि नावानिशी लिहून ठेवा.