जहाजाच्या डेकवरील होडी

श्रीरामपूरच्या परिसरांत हंगामाच्या दिवसांत उसानें शिगोशीग भरलेल्या गाड्या कारखान्याकडे जातांना दिसतात. मोळ्यांवरून टाकलेला दोर गाडीवान करकचून आवळतो, आणि रस्त्यांत कितीही हिसके बसले तरी ओझें बहुधा जागेवर राहतें. समुद्रापासून दूर, घाटावर राहणाऱ्या मनुष्यास जहाजावरील होडीचा प्रश्न समजून घ्यावयाचा असेल तर या गाडीपासून आरंभ करणें सोयीचें. फरक एवढाच कीं, गाडीची वाट नेहमीं ओझ्याखालीं असते. समुद्रांत ती वाट उठून ओझ्यावर येते.

मोठ्या जहाजाबरोबर लहान होडी ठेवण्याची रीत फार जुनी आहे. जेथें धक्का नाहीं अशा बंदरांत किनारा गांठणें, गोडें पाणी आणणें, नांगर दूर नेऊन टाकणें, हीं कामें होडीवांचून होत नसत. शांत पाण्यांत ती दोरानें मागें ओढीत नेतां येते. पण समुद्र खवळला कीं ती पाण्यानें भरते, नाहीं तर लाटेबरोबर येऊन जहाजावरच आदळते. म्हणून ती डेकवर चढवावयाची.

ती नुसती वर ठेवून मात्र भागत नाहीं. तिच्या पोटाच्या गोलाईप्रमाणें कोरलेल्या लाकडी बैठकी लागतात, आणि त्यांचा भार डेकच्या फळ्यांवर न पडतां खालच्या तुळयांवर पडावा लागतो. दोर दोन्ही बाजूंना आडवे, शिवाय पुढें-मागें तिरपे ओढावे लागतात. कारण लाट होडीला केवळ ढकलीत नाहीं, खालून उचलते. नाळेकडील डेक तर सर्वांत वाईट जागा. लाट प्रथम तेथेंच चढते. तरीही आजच्या मोटार-यॉटवर जागेच्या टंचाईमुळें होडी पुष्कळदां तेथेंच येते, आणि सुकाणूवाल्याची दृष्टि अडणार नाहीं इतकी ती बुटकी असावी लागते. ती उपडी घालतात, अथवा उताणी ठेविल्यास तळाचें बूच काढून ठेवतात. एक घनमीटर पाण्याचें वजन हजार किलो. भरलेली होडी आपले दोर आपणच तोडते.

परंतु जी होडी लाटेला सुटत नाहीं ती संकटसमयीं माणसालाही सुटत नाहीं. ‘बाउंटी’ जहाजावरील बंडखोरांनीं २८ एप्रिल १७८९ रोजीं कप्तान ब्लाय यास समुद्रांत सोडून दिलें, तेव्हां निदान वेळ तरी होता. प्रथम काढलेली होडी किडीनें पोखरलेली निघाली. अखेर २३ फूट लांबीची मोठी होडी कप्प्यांनीं उचलून पाण्यांत उतरविण्यांत आली. तींत १९ माणसें होतीं. एक वाटेंतील बेटावर मारला गेला. बाकीचे ४७ दिवसांनीं टिमोर बेटावरील कुपांग बंदरास लागले.

‘टायटॅनिक’च्या वाट्यास असा वेळ आला नाहीं. तिच्यावरील २० होड्यांत ११७८ माणसांचीच सोय होती आणि जहाजावर सुमारें २२०० जीव होते, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांपैकीं दोन होड्या अधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या छपरावर बांधून ठेविल्या होत्या, याची चर्चा मात्र क्वचितच होते. १५ एप्रिल १९१२ रोजीं उत्तररात्रीं त्या खालीं आणण्यासाठीं वल्हीं टेकवून घसरण करावी लागली. एक होडी उपडी पडली. दुसरी सरळ उतरली, पण तिला लावलेले दोर कापतां कापतां पाणी डेकवर आलें. उपड्या होडीवर उजाडेपर्यंत सुमारें तीस माणसें तग धरून होतीं.

महाराष्ट्रास हें दुःख ‘रामदास’ या नांवानें परिचित आहे. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही आगबोट सुमारें अर्ध्या तासांत कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. कोणतेंही जहाज असें एका अंगावर गेलें कीं वरच्या बाजूच्या होड्या आंत झुकतात, खालच्या बाजूच्या पाण्यांत जातात, आणि दोर सोडणाऱ्यास उभें राहावयास जागा उरत नाहीं. त्या दिवशीं जे वांचले त्यांपैकीं अनेकांना कोळ्यांच्या मासेमारी होड्यांनीं वर घेतलें.

दोराची गांठ भिजली कीं फुगते आणि बोटांनीं सुटत नाहीं. म्हणून खलाशांनीं गांठीच्या जागीं कडीनें मिटणारा लोखंडी आकडा आणला. कडी एका फटक्यानें सरकवली कीं सारा ताण मोकळा होतो. जवळच एक धारदार सुरा टांगलेला असतो तो वेगळाच. फुगणाऱ्या तराफ्यांच्या बाबतींत तर हें काम पाण्यावरच सोंपविलें आहे. बंद पिंपांत ठेवलेल्या तराफ्याच्या पट्ट्यास एक लहानसें यंत्र जोडलेलें असतें. जहाज बुडून तें फार तर चार मीटर खोल गेलें कीं पाण्याच्या दाबानें पट्टा सुटतो, पिंप वर येऊं लागतें, आणि बुडत्या जहाजास बांधलेला दोर ताणला जाऊन तराफा फुगतो. त्या दोरांत मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवलेला असतो. जहाज आणखी खालीं गेलें कीं तो तुटतो.