रुमालापासून डब्ल्यूएपर्यंत: एका पानाचा पत्ता

२०२३ च्या सप्टेंबरात आमच्या जालना जिल्ह्यातलं अंतरवाली सराटी राज्यभर गाजलं. मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकाळातली दप्तरं उघडली, उर्दू-मोडीतली पानं स्कॅन झाली. आमच्या भावकीच्या ग्रुपवरही फोटोंचा पाऊस पडला. पिवळं पान, पुसट शाई. पण गाव कोणतं, साल कोणतं, कुणालाच सांगता येईना.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी फाइलचं नाव पाहिलं. आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि चार आकडे. ही तारीख व्हॉट्सॲपवरच्या देवाणघेवाणीची, पानाची नव्हे. शिवाय पाठवताना व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि कॅमेऱ्याने फाइलच्या आत लिहिलेली माहितीही गळते.

अशी मुकी नावं आली कुठून? १९९८ साली जपानमध्ये डिजिटल कॅमेऱ्यांसाठी डीसीएफ नावाचा नियम ठरला. नावात अक्षरं आठच: पहिली चार कंपनीच्या मर्जीची, पुढे ०००१ ते ९९९९ असा आकडा. डीएससी वगैरे नावं त्या साच्यातली. यंत्राला फोटो मोजायचे होते. फोटोत काय आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं.

कागद सांभाळणाऱ्यांची रीत वेगळी होती. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद कापडात बांधून ठेवले आहेत. त्या गाठोड्याला म्हणतात रुमाल, आणि रुमालाला क्रमांक असतो. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात याच दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. आजही अभ्यासक रुमालाचा क्रमांक देतो, म्हणजे दुसऱ्याला मूळ कागदापर्यंत जाता येतं.

आपल्या फोटोलाही तेवढाच पत्ता हवा. उदाहरणार्थ: ‘जालना_अंबड_गावाचं नाव_खासरापत्रक_फसली१३२५_पान०१२’. मोठ्याकडून लहानाकडे गेलं, की एका गावाची पानं आपोआप शेजारी बसतात. पानाच्या आकड्याआधी शून्य हवं, नाहीतर अनेक ठिकाणी १० हे २ च्या आधी लागतं. साल कागदावर असेल तेच लिहावं. हैदराबाद संस्थानात फसली सन चाले. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, म्हणजे १३२५ हे १९१५-१६. पण हे गणित फाइलच्या नावात नको, शेजारच्या यादीत असू द्या. वाचता न आलेल्या जागी अंदाज न लिहिता ‘अवाच्य’ लिहा.

हा नीटनेटकेपणाचा हट्ट नाही. मोबाइलमधला फोटो कचेरीत पुरावा ठरत नाही. लागते ती प्रमाणित नक्कल. ती मागायला गाव, नोंदवही, साल आणि पान सांगावं लागतं. हे चार शब्द हरवले, तर पणजोबांचं नाव स्पष्ट दिसत असूनही ते कोणत्या कपाटात आहे हे नातवंडांना सांगता येणार नाही. आणि पान ज्याने उघडलं, त्याला ते लिहायला अर्धा मिनिट लागतो.