पोपटीचे मडके ते बाभळीचे काटे: कोणत्या कामाला कोणते हातमोजे?

हिवाळ्यात रायगड जिल्ह्यात पोपटीचे बेत रंगतात. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि भांबुर्ड्याचा पाला भरलेले मडके उपडे ठेवून भोवती जाळ केला जातो. पोपटी शिजली की तापलेले मडके बाहेर काढायचे असते. त्या वेळी अनेकदा हाताशी असते ते फक्त ओले फडके. शेकोटीवरचा स्वयंपाक असो वा कुंपणाचे काम, हात वाचवायचे तर आधी धोका कशाचा आहे, हे ओळखावे लागते.

ओले फडके का नको?

कोरड्या कापडाच्या धाग्यांत अडकलेली हवा उष्णता अडवते. कापड भिजले की हवेची जागा पाणी घेते आणि पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय वाफेने भाजते ते वेगळेच. ओल्या हातमोज्यांनाही हाच नियम लागू आहे.

आगीजवळ कोणते?

• चामड्याचे: वेल्डिंगसाठी मिळणारे, आतून सुती अस्तर असलेले लांब हातमोजे शेकोटीसाठी सोयीचे. ते मनगटाच्या वरपर्यंत हात झाकतात. भिजल्यास सावलीत वाळवावेत. आगीजवळ वाळवल्यास चामडे आक्रसून कडक होते.
• अ‍ॅरामिडचे विणलेले: ज्वाळेत वितळत नाहीत, पण उकळते पाणी किंवा तेल विणीतून आत शिरते.
• सिलिकॉनचे: गरम भांडे उचलायला ठीक, निखाऱ्यांत हात घालायला नाही.
• नायलॉन, पॉलिएस्टरचे: आगीजवळ अजिबात नकोत. हे धागे साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतात आणि कातडीला चिकटतात.

पाकिटावरचे आकडे काय सांगतात?

‘ईएन ४०७’ हे उष्णतेपासून संरक्षणाचे युरोपीय मानक आहे. त्याच्या चिन्हाखालील दुसरा आकडा गरम वस्तूच्या स्पर्शाचा. १ म्हणजे १०० अंश, २ म्हणजे २५०, ३ म्हणजे ३५० आणि ४ म्हणजे ५०० अंश. त्या तापमानाच्या वस्तूला टेकल्यावर हातमोज्याच्या आतले तापमान १० अंशांनी वाढायला किमान १५ सेकंद लागले पाहिजेत, एवढीच ही हमी. म्हणजे मडके उचलून खाली ठेवण्यापुरता वेळ. लाल दिसणारा निखारा ५०० अंशांच्या पुढेच असतो. त्यामुळे निखाऱ्यासाठी चिमटाच हवा.

काटे आणि कोयत्यासाठी?

इथे ‘ईएन ३८८’ हे मानक पाहावे. त्यातले पहिले चार आकडे अनुक्रमे घासणे, कापणे, फाटणे आणि टोचणे यांचे. ‘एक्स’ असेल तर ती चाचणी झालेली नाही. मात्र टोचण्याची चाचणी जाड पोलादी टोकाने होते. बाभळीचा काटा त्याहून बारीक असल्याने केवळ त्या आकड्यावर विसंबू नये. जाड चामडेच बरे. कोयता चालवताना पकड महत्त्वाची, म्हणून सैल हातमोजे टाळावेत. वापरण्यापूर्वी ते झटकून घ्यावेत. आत विंचू असू शकतो.

कधी घालू नयेत?

कडबा कुट्टी, ड्रिल अशा फिरत्या यंत्रांजवळ. हातमोज्याचे टोक अडकले की यंत्र हातच आत ओढते.

तरीही भाजले तर?

अंगठी, बांगड्या लगेच काढाव्यात. भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये. कातडीला चिकटलेले कापड ओढून काढू नये. मोठे फोड आले किंवा कातडी पांढरी अथवा काळी पडली, तर तातडीने डॉक्टरांकडे जावे.

एकच जोड सगळ्या कामांना पुरत नाही. आगीसाठी एक आणि काट्यांसाठी एक असे दोन वेगळे जोड ठेवणे उत्तम. चामड्याचा जोड झिजला, शिवण उसवली किंवा भोक पडले, की तो आगीजवळ वापरू नये.