ड्रॅक्युला चित्रपटातील युक्तिदृश्ये
ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला या अमेरिकन चित्रपटात (१९९२) मुख्यतः कॅमेरा, प्रतिकृती व बाहुल्या यांच्या साहाय्याने साधलेली चमत्कृतिपूर्ण दृश्ये. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाच्या १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला असून त्याचे दिग्दर्शन फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी केले.

टर्मिनेटर २ : जजमेंट डे (१९९१) या चित्रपटाने संगणकनिर्मित प्रतिमांचे सामर्थ्य नुकतेच सिद्ध केले होते. तथापि कथेचा काळ आणि चित्रपटकलेचा उदयकाळ (१८९५) जवळजवळ एकच असल्यामुळे, ती कथा त्या काळच्या युक्त्यांनीच सांगावी, अशी कोपोला यांची भूमिका होती. अद्ययावत तंत्राचा आग्रह धरणाऱ्या तज्ज्ञांऐवजी त्यांनी हे काम आपले पुत्र रोमन कोपोला यांच्याकडे सोपविले. मायकेल बालहाउस हे छायाचित्रणकार होते.

प्रारंभीचे १४६२ मधील तुर्कांबरोबरचे युद्ध लाल पार्श्वभूमीवर नट व बाहुल्या यांच्या काळ्या छायाकृतींतून उभे केले आहे. छायाबाहुल्यांच्या खेळाप्रमाणेच येथे आकृतीची बाह्यरेषाच अर्थवाही ठरते. रोजनिशीच्या कडेवरून आगगाडी धावते, त्या दृश्यासाठी अवाढव्य आकाराचे पुस्तक व आगगाडीची लहान प्रतिकृती एकत्र चित्रित केली. ड्रॅक्युलापासून स्वतंत्रपणे हालणारी त्याची सावली दुसऱ्या कलावंताची आहे. लूसी शवपेटीत परतते, ते दृश्य उलट क्रमाने चित्रित केले. तुळईवरून उलटे चालणारे उंदीर दुहेरी उद्भासनाने दाखविले. लंडनमधील एका रस्त्याच्या दृश्यासाठी हाताने फिरवावयाचा जुना पाते कॅमेरा वापरला.

दुहेरी उद्भासनात एकदा चित्रित केलेली फिल्म मागे गुंडाळून पुन्हा उद्भासित करतात. दुसऱ्या वेळी चूक झाल्यास पहिले चित्रणही वाया जाते. त्यामुळे प्रत्येक हालचाल आधीच मोजून ठरवावी लागते. मात्र दोन्ही प्रतिमा मूळ फिल्मवरच उमटत असल्याने प्रयोगशाळेतील पुनर्मुद्रणामुळे येणारा धूसरपणा टळतो.

वेशभूषा (एको इशिओका), रंगभूषा व ध्वनिपरिणाम संकलन यांसाठी चित्रपटास ऑस्कर पारितोषिके लाभली. दृश्यपरिणामांसाठी मात्र त्याला नामांकनही मिळाले नाही. ते पारितोषिक संगणकीय तंत्राचा उपयोग केलेल्या डेथ बिकम्स हर या चित्रपटास मिळाले. पुढच्याच वर्षी ज्युरासिक पार्क (१९९३) प्रदर्शित झाला व संगणकीय प्रतिमांचा वापर झपाट्याने वाढला. त्यामुळे मूकपटकालीन युक्त्यांचा मोठ्या प्रमाणावरील आणि हेतुपूर्वक केलेला वापर म्हणून या चित्रपटास ऐतिहासिक महत्त्व आहे.