रूळ राखणारे, सत्याऐंशीपट लहान

कर्नाळ्याचा सुळका बहुतेकांनी मुंबई-गोवा महामार्गावरून पाहिलेला असतो. त्याच डोंगराच्या पूर्वेला, पाताळगंगेच्या खोऱ्यात, पनवेल-रोहा लोहमार्ग आहे. त्यावरचे आपटा हे छोटे स्टेशन १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटाच्या अखेरच्या प्रसंगामुळे देशभर पोहोचले. त्या प्रसंगातली गाडी, फलाट आणि धावणारी नायिका सगळ्यांना आठवते. गाडीखालचे रूळ मात्र कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

रेल्वेचा इतिहास लिहितानाही बहुधा असेच होते. इंजिनांची नावे, त्यांचे वर्ग, त्यांचे कारखाने यांची तपशीलवार नोंद असते. जुनी इंजिने रंगवून चौथऱ्यावर उभी केली जातात. रूळ सरळ ठेवणारी अवजारे, ट्रॉल्या आणि यंत्रे मात्र काम संपले की भंगारात जातात. त्यांची मापे, घडण आणि हाताळणी टिकवण्याचा एक मार्ग अनपेक्षित ठिकाणी आहे, तो म्हणजे छोट्या प्रमाणातल्या रेल्वे प्रतिकृती हाताने बनवणाऱ्यांच्या टेबलावर. या लेखाचा विषय तोच आहे.

पनवेलला रेल्वे उशिरा आली

पनवेल हे जुने बंदर. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता वाहतुकीला खुला झाला, तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेलला उतरून पुढे घाट चढत असे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली ती कर्जतमार्गे, आणि पनवेल बाजूला पडले. दिव्याहून पनवेलला आणि तिथून आपट्याला रूळ पोहोचले ते शंभर वर्षांनी, विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात. रोह्यापर्यंतचा टप्पा १९८६ मध्ये झाला आणि रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे. २६ जानेवारी १९९८ रोजी तिचा संपूर्ण मार्ग सुरू झाला.

या तारखांना आपल्या विषयात एक वेगळे महत्त्व आहे. भारतीय रेल्वेवर रूळदुरुस्तीची मोठी यंत्रे येऊ लागली तीही साठच्या दशकातच. म्हणजे कर्नाळ्याच्या पायथ्याचा हा मार्ग जन्मला तेव्हा हाताचे युग संपत आले होते आणि यंत्राचे युग सुरू होत होते.

हाताचे दिवस

गाडी गेली की स्लीपरखालची खडी थोडी सरकते. हजारो चाके गेली की कुठे पोकळी पडते, रूळ दबतो, गाडी डुलते. तिथली खडी पुन्हा स्लीपरखाली घट्ट ठासणे हे रूळ राखण्याचे मूळ काम. त्यासाठी गँगमनच्या हातात ‘बीटर’ असे. कुदळीसारख्या या अवजाराचे एक टोक चपटे असते. एका स्लीपरला चार माणसे लागत, प्रत्येक रुळाखाली दोघे. ते पाठीला पाठ लावून उभे राहत आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी तिरपे घाव घालत, म्हणजे खडी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निसटत नसे. रुळाच्या बैठकीखालून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला स्लीपरच्या टोकापर्यंत आणि आतल्या बाजूला साधारण ४५ सेंटिमीटरपर्यंत ठासायचे. स्लीपरचा मधला भाग मुद्दाम सैल ठेवायचा, नाहीतर स्लीपर मध्यावर तोलला जाऊन हलू लागतो.

त्या काळातले स्लीपर लाकडी, पोलादी किंवा बिडाचे असत. बिडाच्या स्लीपरमध्ये ‘सीएसटी-९’ हा प्रकार भारतभर पसरला. त्यात दोन बिडाच्या बैठका एका आडव्या पोलादी पट्टीने जोडलेल्या असतात आणि रूळ पाचरीसारख्या चावीने घट्ट बसवलेला असतो. कंपनांनी ही चावी सैल होते. हातोडा घेऊन रोज आपला ठरलेला पट्टा चालत जाऊन सैल चाव्या ठोकणारा तो ‘की-मन’. हे पदनाम स्लीपरच्या घडणीतून आले आहे. मुकादम दूर अंतरावर गुडघे टेकून, रुळाला डोळा लावून खोलगट जागा हेरत असे. तिथे मोजपट्टीइतकेच मुकादमाच्या नजरेला महत्त्व होते.

अधिकाऱ्याच्या पाहणीसाठी असे ती ढकलट्रॉली: चार चाके, वर लाकडी फळ्या, बसायला बाक, डोक्यावर छत्री, सोबत लाल निशाण. ट्रॉलीमन रुळावरून धावत ती ढकलतात आणि वेग आला की उडी मारून मागे बसतात. रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत ट्रॉलीची व्याख्या मोठी बोलकी आहे: चार माणसांना उचलून रुळाबाहेर ठेवता येते ती ट्रॉली. त्याहून जड असेल तर ती ‘लॉरी’, आणि तिचे नियम वेगळे. ही व्याख्या किलोग्रॅममध्ये नाही, चार माणसांच्या ताकदीत आहे. समोरून गाडी आली तर वाहन हातांनी बाजूला करता आलेच पाहिजे, हे तिचे कारण.

यंत्र का आले

काँक्रीटचा ब्रॉडगेज स्लीपर सुमारे २७० किलो वजनाचा आणि पावणेतीन मीटर लांबीचा असतो. रूळ लांबच लांब वेल्ड केलेले असतात. गाड्या वाढल्या, त्यांची वजने वाढली आणि दोन गाड्यांमधली मोकळी वेळ घटली. अशा मार्गावर बीटरने भागणे शक्य नव्हते.

युरोपात याची तयारी आधीच झाली होती. स्वित्झर्लंडमधली ‘मातिसा’ १९४५ पासून आणि ऑस्ट्रियातली ‘प्लासर अँड थ्युरर’ १९५३ पासून या यंत्रांच्या व्यवसायात आहेत. पुढे प्लासरचा भारतीय कारखाना फरिदाबादला निघाला. रुळांवर उभी असलेली ती पिवळी लांबलचक गाडी, ज्यात प्रवासी बसत नाहीत आणि माल भरत नाहीत, तीच ही खडी ठासणारी टँपिंग मशीन.

तिचे काम बीटरचेच आहे. यंत्र रूळ पकडून हव्या त्या पातळीपर्यंत उचलते आणि बाजूला सरकवून सरळ करते. मग पोलादी बोटे स्लीपरच्या दोन्ही बाजूंनी खडीत खुपसली जातात, सेकंदाला सुमारे ३५ वेळा थरथरतात आणि एकमेकांकडे आवळली जातात. एका स्लीपरला सोळा बोटे लागतात. दोन स्लीपर एकदम ठासणाऱ्या यंत्राला बत्तीस. पाठीला पाठ लावून उभ्या चार माणसांची ती जुनी रीत या बोटांच्या मांडणीत अजून ओळखू येते: दोन्ही बाजूंनी, एकाच वेळी, रुळाच्या बैठकीखाली.

लहान प्रमाणाचा हिशेब

महाराष्ट्रात प्रतिकृती-रेल्वेचे नाव काढले की पुण्याच्या भाऊ जोशींचे संग्रहालय आठवते. कोथरूडला, जी. ए. कुलकर्णी पथावर, १ एप्रिल १९९८ रोजी ते खुले झाले, कोकण रेल्वे पूर्ण झाली त्याच वर्षी. तिथली गाड्यांची नगरी ‘एचओ’ प्रमाणात आहे, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्याऐंशीव्या हिश्शाइतकी. जगातले सर्वांत लोकप्रिय प्रमाण हेच. त्यात रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणले की १,४३५ मिलिमीटर येतात, आणि हे युरोप-अमेरिकेचे प्रमाणित गेज.

आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे. त्याला ८७ ने भागले तर १९.३ मिलिमीटर येतात. बाजारात मिळणाऱ्या रुळांवर भारतीय गाडी चालवायची म्हणजे रुंदीत जवळपास तीन मिलिमीटर चोरायचे. इंजिनात किंवा डब्यात ही चोरी खपून जाते, कारण चाके डब्याच्या अंगाखाली झाकलेली असतात. ट्रॉलीत ती खपत नाही. ट्रॉली म्हणजे दोन रुळांवर पसरलेला फळ्यांचा सांगाडा, ती सगळी गेजच असते. शिवाय १,६७६ मिलिमीटर म्हणजे पाच फूट सहा इंच, एका मध्यम उंचीच्या माणसाएवढे. खऱ्या मार्गावर ट्रॉलीमन स्लीपरवर आडवा झाला तर दोन रुळांमध्ये जेमतेम मावेल. १६.५ मिलिमीटरच्या रुळांशेजारी १९ मिलिमीटरचा तोच माणूस उभा करा, आणि पाहणाऱ्याला कारण कळले नाही तरी काहीतरी चुकल्याचे लगेच जाणवते.

रुळाच्या उंचीचेही तसेच. मीटरला ५२ किलो वजनाचा रूळ १५६ मिलिमीटर उंच असतो. सत्याऐंशीव्या हिश्शाने तो १.८ मिलिमीटर हवा. खेळण्यांच्या संचातला सर्वसाधारण रूळ २.५४ मिलिमीटरचा, म्हणजे मूळ मापात २२ सेंटिमीटरचा होतो. त्याच्या शेजारी हातोडा घेतलेला की-मन खुजा दिसतो.

रायगड जिल्ह्यातच या हिशेबाचे दुसरे टोक आहे. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीचे गेज ६१० मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात फक्त सात. तिथली तीव्र वळणे सुमारे ६० फूट त्रिज्येची आहेत. ८७ ने भागल्यावर ती २१ सेंटिमीटर भरतात. खेळण्यातल्या गाडीची वळणेसुद्धा बहुधा याहून मोठी असतात. खरी रेल्वे खेळण्याहून अवघड निघावी, असे उदाहरण विरळाच.

कोऱ्या पत्र्यापासून

युरोपी टँपिंग मशीनच्या प्रतिकृती बाजारात मिळतात. जर्मन कंपन्यांनी प्लासरच्या यंत्रांचे जोडसंच काढले आहेत. भारतीय ढकलट्रॉली, सीएसटी-९ स्लीपर किंवा बीटर घेतलेल्या चौघांची टोळी हवी असेल, तर प्लास्टिकचा कोरा पत्रा, पितळी तार आणि लाकडाची पातळ चकती घेऊन स्वतः बसावे लागते.

इथेच छंदाला संशोधनाचे रूप येते. संच जोडणाऱ्याला सूचनापत्रक पुरते. कोऱ्या पत्र्यावर पहिली रेघ मारण्याआधी मात्र मूळ वस्तूची लांबी, चाकांचा व्यास, फळ्यांची संख्या, बाकाची उंची ठाऊक हवी. छायाचित्रात ट्रॉली तिरपी दिसते आणि तिचे खालचे अंग दिसतच नाही. आस कुठे टेकते, ब्रेकचा दांडा कुठल्या बाजूला, ढकलणारा हात कुठे टेकवतो, हे प्रश्न प्रतिकृती करणाऱ्यालाच पडतात. एक तपशील मोलाचा आहे: विद्युत परिपथाने गाडीची चाहूल घेणाऱ्या मार्गांवर ट्रॉलीची चाके एकमेकांपासून विद्युतरोधक केलेली असतात, नाहीतर सिग्नल यंत्रणा ट्रॉलीलाच गाडी समजेल. विजेवर चालणाऱ्या प्रतिकृतीतही दोन रुळांमध्ये वीज असते, आणि तिथेही चाके रोधक केली नाहीत तर शॉर्टसर्किट होतो. लहान वस्तू मोठीचे कारण शिकवते ती अशी.

टँपिंग मशीनमध्ये कसोटी बोटांची. मूळ यंत्र वीस मीटर लांब धरले तर प्रतिकृती २३ सेंटिमीटरची. स्लीपरमधले ६० सेंटिमीटरचे अंतर सात मिलिमीटरांहून किंचित कमी भरते. त्या फटीत पितळी तारेची बोटे स्लीपरला न लागता उतरली पाहिजेत. ती उतरत नसतील तर एकतर स्लीपर चुकले आहेत किंवा यंत्र. एवढी नेमकी तपासणी चित्रात होत नाही.

वजन मात्र लहान करता येत नाही. लांबी ८७ पटीने घटली की घनफळ साडेसहा लाखांहून अधिक पटीने घटते. २७० किलोचा स्लीपर अर्ध्या ग्रॅमहूनही हलका होतो. म्हणून प्रतिकृतीत खडी गोंदाने चिकटवावी लागते, डब्यांत शिशाचे तुकडे घालावे लागतात. ‘चार माणसांना उचलता येईल ती ट्रॉली’ या व्याख्येतला भार टेबलावर उतरत नाही. तो सांगायचा तर ट्रॉलीशेजारी चार माणसे उभी करावी लागतात.

प्रतिकृतीच्या रुळांनाही निगा लागते. कोकणच्या दमट हवेत पितळी रुळांवर काळपट थर लवकर चढतो, धूळ चिकटते, वीज तुटते आणि गाडी धक्के खात थांबते. त्यावर जुना उपाय म्हणजे डब्याच्या पोटाखाली खरखरीत फळीचा तुकडा सैल टांगायचा. गाडी फिरेल तसा तो रूळ घासत जातो. हा डबा खऱ्या कुठल्याच यंत्राची नक्कल नसतो. प्रतिकृतीच्या जगाने स्वतःच्या गरजेतून घडवलेले हे रूळदुरुस्तीचे वाहन आहे.

मापे घ्यायची वेळ

गँगमन या पदाचे नाव पुढे ट्रॅकमन आणि मग ट्रॅक मेंटेनर झाले. नाव बदलले तरी मुसळधार पावसात दिवा घेऊन रूळ तपासत चालणारा माणूस अजून आहे. कोकण रेल्वेवर पावसाळी गस्त ही आजही सुरक्षिततेची पहिली ओळ आहे. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात कामावर मरणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांकडे लक्ष वेधले होते, आणि रुळावर काम करणारे त्यांत आघाडीवर असतात. ज्यांच्या जिवावर गाड्या चालतात त्यांची अवजारे इतिहासातून गहाळ होणे हा केवळ छंदिष्टांचा तोटा नाही.

पनवेल-रोहा मार्ग आता दुहेरी आहे, वर विजेच्या तारा आहेत आणि खाली काँक्रीटचे स्लीपर. जुन्या चाव्या, बीटर, लाकडी ट्रॉल्या ज्यांनी हाताळल्या ते मुकादम आणि की-मन निवृत्त होऊन पनवेल-पेणच्या गावांत राहतात. त्यांच्याशी बोलताना आठवणींबरोबर मापेही विचारावीत: दांडा केवढा, फळ्या किती, कोण कुठे उभे राहायचे, ओझे कोणत्या खांद्यावर. ज्याच्याकडे ही मापे असतील त्याला उद्या ट्रॉली पुन्हा घडवता येईल, सत्याऐंशीपट लहान किंवा पूर्ण आकाराची. मापे एकदा हरवली, तर उरलेल्या छायाचित्रांवरून ती घडवता येणार नाही.