चर्चची सहल, भाड्याची गाडी आणि रिकाम्या सीटचा हिशेब

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित अवतार.

सहलीच्या ग्रुपवर 'कोण कोण येणार?' असा मेसेज पडला की काय होतं, ते तुम्हाला माहितीये. चाळीस जण अंगठ्याची इमोजी टाकतात आणि पैसे मागितले की त्यातले आठ जण खराखुरा अंगठा दाखवतात. समजा, बसचं भाडं २०,००० रुपये आहे. चाळीस जण आले तर डोक्यावर ५००. बत्तीसच आले तर ६२५. गाडीवाल्याला काही फरक पडत नाही, कारण त्याला आख्ख्या गाडीचे पैसे हवेत. मग त्या आठ रिकाम्या सीटचे पैसे कोण भरणार?

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे असले हिशेब मला उगाच आवडतात. पण या हिशेबाचा इतिहास शोधायला गेलो आणि पोचलो थेट चर्चच्या सहलींपर्यंत. तिथून पुढे तो जिथे गेला, त्याची मला अजिबात कल्पना नव्हती.

एक शिलिंग, पाचशे माणसं

साल १८४१, देश इंग्लंड. थॉमस कुक तेव्हा ३२ वर्षांचा होता. धंदा लाकूडकामाचा, पण त्याआधी बॅप्टिस्ट पंथाचा उपदेशक म्हणून गावोगाव फिरलेला. दारू सुटावी म्हणून जी टेम्परन्स चळवळ चालू होती, तिचा तो कट्टर कार्यकर्ता. कामगाराला सुट्टी मिळाली की तो गुत्त्यात जातो, कारण जायला दुसरी जागाच नसते, हे त्याला दिसत होतं.

जून महिन्यात तो मार्केट हार्बरोहून लेस्टरला चळवळीच्या सभेसाठी चालत निघाला होता. अंतर साधारण २४ किलोमीटर. वाटेत डोक्यात आलं, की नवी नवी आलेली रेल्वे आपल्या कामाला का लावू नये? त्याने रेल्वे कंपनीशी बोलणी केली. मी माणसं जमवतो, तुम्ही स्वस्तात खास गाडी सोडा. ५ जुलै १८४१ रोजी सुमारे ५०० माणसं लेस्टरहून लफबरोला गेली आणि परत आली. भाडं डोक्यामागे एक शिलिंग, बसायला उघडे डबे. तिकडे बँड, चहा, खेळ आणि दारूविरोधी भाषणं.

अशी खास गाडी काढणारा कुक पहिला नव्हता. कामगारांच्या शिक्षण संस्थांनी त्याच्या आधीही सहली काढल्या होत्या. पण कुकने ते सातत्याने केलं. पुढची काही वर्षं तो टेम्परन्स मंडळं आणि संडे स्कूल यांच्यासाठी सहली काढत राहिला. लेस्टरमध्ये घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा आला की दारू आणि जुगाराला ऊत यायचा. त्यापासून लांब ठेवायला त्याने संडे स्कूलच्या हजारो मुलांना रेल्वेने डर्बीला नेलं.

संडे स्कूल म्हणजे तेव्हा नुसता धर्माचा वर्ग नव्हता. आठवडाभर कामाला जाणारी कितीतरी मुलं तिथेच वाचायला शिकली. त्यांच्यासाठी वर्षातली ती एक सहल म्हणजे गावाबाहेरचं पहिलं जग.

आता मुद्दा बघा. कंपनीला हवी होती भरलेल्या सीटची खात्री. ती द्यायला असा माणूस लागतो, ज्याच्या हातात लोक आधी पैसे ठेवतील. चर्चमध्ये यादी होती, दर रविवारी भेट होती, वर्गणी गोळा करायची सवय होती. आणि शब्द दिल्यावर न येणाऱ्याला पुढच्या रविवारी तोंड दाखवावं लागायचं!

बाकांची मोटार

१८७१ साली ब्रिटनमध्ये बँक हॉलिडेचा कायदा आला. ईस्टरनंतरचा सोमवार, व्हिट मंडे, ऑगस्टचा पहिला सोमवार आणि नाताळचा दुसरा दिवस, या सुट्ट्या पक्क्या झाल्या. सुट्टीला तारीख मिळाली की सहलीलाही तारीख मिळते.

विसाव्या शतकात रेल्वेच्या जोडीला आली शॅराबँक. फ्रेंचमध्ये याचा अर्थ बाकांची गाडी. आधी घोड्यांची, मग मोटारीची. आडव्या बाकांच्या रांगा, वर छप्पर नाही, पाऊस आला तर ताडपत्री ओढायची. पहिलं महायुद्ध संपल्यावर सैन्यातले ट्रक स्वस्तात विकायला निघाले. मग काही मालक आठवडाभर त्याच गाडीवर माल वाहायचे आणि शनिवार-रविवारी मालाची बॉडी उतरवून बाकं चढवायचे. मोटारीला स्टेशन लागत नाही, ती चर्चच्या दारातून निघते. कारखान्याची, पबची, चर्चची, सगळ्यांची सहल मग शॅराबँकने समुद्रावर जाऊ लागली.

गाड्या वाढल्या तसा १९३० साली ब्रिटनमध्ये रस्ता वाहतुकीचा कायदा आला. त्यात एक फरक स्पष्ट झाला: वाटेत थांबत, प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेत जाणारी गाडी वेगळी आणि एका गटाने आख्खी ठरवलेली गाडी वेगळी. दुसरीचं नाव 'काँट्रॅक्ट कॅरेज'. हे नाव लक्षात ठेवा.

आख्खी गाडी आपली

आता अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या दक्षिणेत जाऊ. तिथे रिकाम्या सीटपेक्षा कोण कुठे बसणार, हा प्रश्न मोठा होता. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात बसच्या पुढच्या सीट गोऱ्यांसाठी राखीव होत्या. कृष्णवर्णीय माणसाला अनेकदा पुढे पैसे देऊन खाली उतरावं लागे आणि मागच्या दाराने चढावं लागे. लांबच्या प्रवासात वाटेतल्या हॉटेलात जेवण मिळेल याची खात्री नसायची, म्हणून लोक बुटांच्या खोक्यात घरचा डबा नेत. अशा ठिकाणी चर्चने आख्खी गाडी ठरवली तर निदान गाडीत तरी कोणी उठवत नसे.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी सीट सोडायला नकार दिला. ५ डिसेंबरपासून शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला, तो ३८१ दिवस चालला. रोज हजारो माणसांना कामावर कोण पोचवणार? खाजगी गाड्यांची साखळी उभी राहिली. चर्चच्या नावावर स्टेशन वॅगन घेतल्या गेल्या आणि दारावर चर्चचं नाव रंगवलं गेलं. लोक त्यांना 'चाकांवरची चर्च' म्हणू लागले. विमा कंपन्यांनी विमे रद्द केले, तेव्हा शेवटी लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला गेला. यादी, वर्गणी, वेळापत्रक, ड्रायव्हर: सहलीचीच कामं, फक्त रोजची.

आणि मग २८ ऑगस्ट १९६३, वॉशिंग्टनचा मोर्चा. आपल्याला त्यातलं मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण आठवतं. पण कामाच्या दिवशी, बुधवारी, सुमारे अडीच लाख माणसं तिथे पोचली कशी? दोन हजारांहून जास्त भाड्याच्या बस आणि वीसेक खास रेल्वेगाड्या. बयार्ड रस्टिन यांनी जेमतेम दोन महिन्यांत हे उभं केलं. ठिकठिकाणी चर्च, कामगार संघटना आणि नागरी हक्क संघटनांनी माणसं जमवून बस भरल्या. प्रत्येक बसला एक कॅप्टन. डब्याबद्दलही सूचना होती: ऑगस्टच्या उन्हात खराब होईल म्हणून मेयोनीजचं सँडविच आणू नका. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये स्वयंसेवकांनी ८०,००० डबे भरले.

मला हा आकडा भाषणाइतकाच मोठा वाटतो. डोकी मोजणं, डबे भरणं, संध्याकाळी सगळे परत बसमध्ये आले का ते बघणं, ही कामं चर्चमधल्या माणसांनी कितीतरी सहलींमध्ये केलेली होती. तो सराव आधीच नसता, तर दोन महिन्यांत ते जमलं असतं असं मला वाटत नाही.

आपल्याकडे

कुकचा धागा मुंबईपर्यंतही येतो. १८८६ मध्ये ब्रिटिश भारत सरकारने हजयात्रेकरूंच्या प्रवासाची व्यवस्था काही वर्षांसाठी त्याच्याच कंपनीकडे सोपवली होती. चर्चच्या सहलीतून सुरू झालेली कंपनी मुंबईहून जेद्दाहला यात्रेकरू पाठवत होती.

आणि ते 'काँट्रॅक्ट कॅरेज' आठवतंय? भारताच्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तोच फरक आला आणि आजच्या १९८८ च्या कायद्यातही आहे. आपल्याकडे एक टप्पा वाहतूक, दुसरी कंत्राटी. म्हणून कंत्राटी परवान्याच्या वऱ्हाडाच्या बसने वाटेत हात दाखवणाऱ्या परक्या प्रवाशाला घ्यायचं नसतं. एसटीत याला फार सुंदर शब्द आहे: प्रासंगिक करार. लग्न असो, शाळेची सहल असो, माउंट मेरीची जत्रा असो की पंढरपूर, प्रसंग तुमचा आणि करार गाडीशी.

तर पुढच्या वेळी ग्रुपवर जो माणूस यादी करतोय, आगाऊ पैसे मागतोय आणि त्यासाठी शिव्या खातोय, त्याला वैतागू नका. त्याचे पैसे आजच पाठवा.

तुमच्या गावात, चर्चमध्ये किंवा मंडळात अशी ठरलेली बस दरवर्षी कुठे जाते आणि तिचा हिशेब कोण ठेवतं, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!